हवा मोजून घ्या, हॉर्सपॉवर पाहून नव्हे

आमच्या वस्त्यांतील घरगुती कारखान्यांचे रूप आता पूर्वीसारखे राहिलेले नाही. मालेगाव असो, भिवंडी असो, मुंबईचे मदनपुरा वा धारावी असो, खालच्या मजल्यावर काम आणि वरच्या मजल्यावर संसार ही रीत जुनीच आहे. पण जेथे एकेकाळी शिलाईची दोन यंत्रे किंवा सुताराचा रंधा असे, तेथे आज बटण ठोकण्याचा प्रेस, सोफ्याला पिना मारण्याची बंदूक, चामड्याला व लाकडाला रंग देणारी स्प्रे गन आणि भरतकामाची कॉम्प्युटर मशीन दिसते. यांतील बरीच साधने हवेवर चालतात, आणि भरतकामाच्या मशीनवरचे तूसही हवेनेच उडवले जाते. म्हणून कमाईतले चार पैसे साठले, बीसी उघडली किंवा घरातला एखादा दागिना विकला गेला की कारागिराच्या घरात पहिली मोठी खरेदी होते ती एअर कॉम्प्रेसरची.

आम्ही कापडाचे व्यापारी. कॉम्प्रेसर विकणे हा आमचा धंदा नाही, आणि कोणत्याही कंपनीची दलाली आमच्याकडे नाही. पण ज्यांच्या हाती आम्ही माल शिवायला आणि भरायला देतो, त्यांचे यंत्र बंद पडले तर आमचा माल अडतो. त्यांच्या नळीतून तेलाचा एक थेंब उडाला तर थान आमचे खराब होते. म्हणून या विषयात बोलण्याचा आमचा हक्क आहे असे आम्ही समजतो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: आमचा कारागीर कॉम्प्रेसर घेताना चुकीची गोष्ट विचारतो. तो विचारतो, "किती हॉर्सपॉवरचा? टाकी केवढी?" त्याने विचारायला हवे, "मिनिटाला हवा किती देतो?" कापड घेताना आपण थानाच्या वेष्टनाला पैसे देत नाही, मीटर मोजून देतो, सूत पाहून देतो. मग हवा घेताना माप का सोडावे?

मोटरचा आकडा आणि हवेचा आकडा

हॉर्सपॉवर म्हणजे यंत्र किती वीज खाते याचा अंदाज. १ हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. त्यातून बाहेर हवा किती निघते हे पंपाच्या घडणीवर, त्याच्या व्हॉल्व्हवर आणि रिंगांवर अवलंबून आहे. मोटर तीच असली तरी दोन कंपन्यांचे पंप सारखी हवा देतील असे नाही.

दुकानदार जे माहितीपत्रक दाखवतो त्यात बहुधा दोन आकडे असतात. एक पिस्टन डिस्प्लेसमेंटचा, म्हणजे पिस्टन मिनिटाला किती जागा व्यापतो त्याचा. दुसरा फ्री एअर डिलिव्हरीचा, म्हणजे टाकीत प्रत्यक्ष किती हवा पोहोचते त्याचा. पहिला आकडा नेहमी मोठा असतो आणि मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. आपल्या कामाचा आकडा दुसरा. लहान यंत्रांत तो पहिल्यापेक्षा चौथ्या हिश्शाने, कधी तिसऱ्या हिश्शाने कमी भरतो. माहितीपत्रकात एकच आकडा असेल तर तो कोणता, हे विचारल्याशिवाय सौदा करू नये.

हा आकडा कधी लिटरमध्ये, कधी घनफुटांत म्हणजे सीएफएममध्ये दिलेला असतो. १ घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर. साधा, एका टप्प्याचा पिस्टन कॉम्प्रेसर ६-७ किलो दाबावर १ हॉर्सपॉवरमागे मिनिटाला साधारण ३ ते ४ घनफूट, म्हणजे ८५ ते ११५ लिटर हवा देतो. कोणी याच्या दुप्पट सांगत असेल तर तो डिस्प्लेसमेंटचा आकडा सांगत आहे असे खुशाल समजावे.

आता टाकीची गोष्ट. टाकी हवा तयार करत नाही, ती फक्त साठवते. ५० लिटरची टाकी ८ किलो दाबावरून ६ किलोवर आली की त्यातून बाहेर आलेली हवा सुमारे १०० लिटर. मिनिटाला २०० लिटर हवा खाणारे हत्यार लावले तर हा साठा अर्ध्या मिनिटाचा. त्यानंतर पंप जेवढी हवा देईल तेवढ्यावरच काम चालणार. पंप लहान आणि टाकी मोठी म्हणजे गल्ला मोठा आणि गिऱ्हाईक थोडे, असा प्रकार.

हत्याराची भूक आधी पाहा

आमचा आग्रह आहे की दुकानात जाण्यापूर्वी कारागिराने कागदावर आपल्या हत्यारांची यादी करावी आणि प्रत्येकापुढे त्याची हवा लिहावी.

सोफ्याच्या पिना मारणाऱ्या बंदुकीला एका ठोक्याला अर्धा लिटर हवाही पुरते. मिनिटाला ३० पिना मारल्या तरी १५ लिटरच्या आतबाहेर खर्च. अशा माणसाने २ हॉर्सपॉवरचे यंत्र घेऊन घरातली जागा का अडवावी? त्याला १ हॉर्सपॉवर पुरून उरते. बटणाचा हवेवरचा प्रेस सिलिंडरच्या आकारानुसार एका ठोक्याला एक-दोन लिटर घेतो. मिनिटाला २० बटणे धरली तरी ४० लिटरच्या आत भागते.

स्प्रे गनची गोष्ट वेगळी. लहान गन मिनिटाला १०० ते २०० लिटर घेते आणि रुंद फवाऱ्याची, कमी दाबाची गन त्याच्याही पुढे जाते. तूस उडवण्याची गन दिसते साधी, पण खादाड तीच. २ मिलिमीटरच्या तोंडातून ६ किलो दाबावर मिनिटाला २०० लिटरच्या आसपास हवा निघून जाते.

ही यादी झाली की एकाच वेळी चालणाऱ्या हत्यारांची बेरीज करावी. गन दिवसभर दाबून धरलेली नसते, म्हणून प्रत्यक्ष वापर निम्मा धरायला हरकत नाही. मग या बेरजेच्या दीडपट हवा देणारे यंत्र पाहावे. दीडपट अशासाठी की लहान पिस्टन कॉम्प्रेसर अखंड चालण्यासाठी बनवलेला नसतो. त्याला मध्येमध्ये थांबून थंड व्हावे लागते. जो कधी थांबतच नाही, त्याचे तेल जळते, व्हॉल्व्हवर काजळी बसते आणि वर्षभरात रिंगा जातात.

काहीजण म्हणतात, "मोठा घेऊन ठेवा, पुढे कामी येईल." हा सल्ला देणारा बहुतेक वेळा विकणारा असतो. मोठे यंत्र म्हणजे जास्त भांडवल, मोटर सुरू होताना जास्त झटका आणि बिलात वाढ. ज्या कारागिराची महिन्याची कमाई कामाच्या आवकीवर हलते, त्याने पुढच्या पाच वर्षांचे काम आज विकत घेऊ नये. काम वाढले तर दुसरा लहान कॉम्प्रेसर जोडता येतो, आणि एक बिघडला तरी दुसऱ्यावर काम चालू राहते.

दाबाचेही तेच. ट्रकचे टायर भरणाऱ्याला जास्त दाब हवा, त्याने दोन टप्प्यांचे यंत्र पाहावे. शिवणकाम, फर्निचर, चामडे यांना ६-७ किलो दाब भरपूर झाला. दर १ किलो जादा दाबामागे विजेचा खर्च साधारण ६-७ टक्क्यांनी वाढतो. विनाकारण १० किलोवर कटआउट लावून ठेवणे म्हणजे नळ उघडा ठेवून घागर भरणे.

दुकानातच घड्याळ लावा

विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबण्याची गरज नाही. हवा मोजण्याची एक सोपी रीत आहे आणि तिला फक्त मनगटावरचे घड्याळ लागते. यंत्र सुरू करावे, हवा बाहेर जाण्याचा कॉक बंद ठेवावा. दाबाचा काटा ४ किलोवर आला की वेळ पाहावी आणि ७ किलोवर आला की पुन्हा पाहावी. वाढलेला दाब गुणिले टाकीचे लिटर, भागिले लागलेली मिनिटे. १०० लिटरच्या टाकीला ४ वरून ७ वर जायला २ मिनिटे लागली तर ३ गुणिले १०० म्हणजे ३००, भागिले २, उत्तर १५०. म्हणजे हे यंत्र मिनिटाला जवळपास १५० लिटर, सव्वापाच घनफूट हवा देते. आत भरलेली हवा गरम असल्याने हा आकडा खऱ्यापेक्षा थोडा वरच दिसतो, हेही लक्षात ठेवावे. जो दुकानदार हे माप घेऊ देत नाही, त्याच्याकडून आम्ही तरी घेणार नाही.

पट्ट्याचा की बिनपट्ट्याचा, तेलाचा की बिनतेलाचा

मोटरला थेट जोडलेला लहान कॉम्प्रेसर स्वस्त आणि हलका असतो, पण त्याचा पंप मोटरच्याच वेगाने, मिनिटाला सुमारे २८०० फेऱ्यांनी फिरतो. पट्ट्यावर चालणारा पंप ७०० ते १००० फेऱ्यांच्या आसपास फिरतो. तो जड आहे, जागा जास्त घेतो, पण आवाज कमी करतो आणि जास्त टिकतो. रोज सहा-आठ तास काम असेल तर पट्ट्याचाच घ्यावा, असे आमचे मत आहे. आठवड्यातून दोनदा पिना मारणाऱ्याला थेट जोडणीचा चालेल.

तेलाशिवाय चालणारे यंत्र कापडाच्या माणसाला आवडते, कारण डागाची भीती नाही. पण स्वस्तातले बिनतेलाचे यंत्र कर्कश असते आणि त्याचे आयुष्यही कमी. तेलाचे यंत्र घेऊन त्याला चांगला फिल्टर आणि पाण्याचा सापळा लावला, तेलाची पातळी काचेतल्या खुणेवर ठेवली आणि रिंगा वेळेवर बदलल्या, तर डागाचा प्रश्न बराच आटोक्यात येतो. कापडावर हवा मारायच्या नळीला तेल सोडणारी बाटली मात्र कधीही जोडू नये. ती हत्याराला तेल देण्यासाठी असते.

पाणी हा कापडाचा दुसरा शत्रू. हवेत बाष्प असते, हवा दाबली की ते पाणी होऊन टाकीच्या तळाशी बसते. पावसाळ्यात भिवंडी-मुंबईच्या दमट हवेत मिनिटाला २०० लिटर ओढणारे यंत्र सहा तास चालले, तर दिवसाला लिटरभर पाणी सहज निघते. ते रोज संध्याकाळी खालच्या कॉकमधून काढले नाही तर दोन गोष्टी होतात. गंजाचे लाल पाणी नळीतून मालावर येते, आणि टाकीचा पत्रा आतून खात जातो. पहिल्या गोष्टीने माल जातो. दुसरीने काय जाते ते पुढे सांगतो.

टाकीत काटकसर नको

जुन्या बाजारात कॉम्प्रेसर निम्म्या किमतीत मिळतात, वर चकचकीत रंग दिलेला असतो. जुना पंप घ्यायला आमचा विरोध नाही. पंप उघडता येतो, रिंगा बदलता येतात. पण जुनी टाकी आतून किती खाल्ली आहे हे रंगावरून कळत नाही. ७ किलो दाब म्हणजे टाकीच्या पत्र्यावर प्रत्येक चौरस सेंटिमीटरला ७ किलोचा भार. तळहाताएवढ्या जागेवर पाच-सहाशे किलो. असा पत्रा फुटला तर तो भिंत पाहत नाही, आणि आमच्या घरांत भिंतीपलीकडे मुले झोपलेली असतात.

म्हणून टाकी नवी, बनवणाऱ्याचे नाव, चाचणीचा दाब आणि साल कोरलेली पट्टी असलेलीच घ्यावी. टाकीला भोक पडले तर वेल्डिंग करून वापरू नये, ती भंगारात द्यावी. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी महिन्यातून एकदा ओढून हवा सुटते का ते पाहावे, आणि तो व्हॉल्व्ह गळतो म्हणून त्याच्या जागी बोल्ट ठोकू नये. पट्ट्यावर जाळी असावी. हवेच्या लाइनसाठी पाण्याचा पीव्हीसी पाइप वापरू नये. तो पाण्याच्या दाबाला चालतो, पण हवेच्या दाबाखाली फुटला तर काचेसारखे तुकडे होऊन उडतो. मोठ्या कारखान्यांतील दाबाच्या यंत्रांसाठी १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ३१ होते, तपासणारे अधिकारी आहेत. दोन माणसांच्या घरगुती कामात कोणी तपासायला येत नाही. तेथे तपासणारे आपणच.

आणखी एक गोष्ट तरुण मुलांना ठणकावून सांगावी. सुटी झाली की अंगावरचे तूस हवेच्या नळीने झाडण्याची सवय सगळीकडे आहे. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत हवेने साफसफाई करताना दाब ३० पीएसआय, म्हणजे २ किलोच्या आसपास, याच्या वर जाऊ देत नाहीत, आणि तेही यंत्राच्या सफाईपुरते व डोळ्यांना चष्मा लावून. अंगावर तर हवा मारूच नये. गंमत म्हणून एकमेकांना नळी लावल्याने आतडी फाटून कामगार दगावल्याच्या बातम्या आपल्या देशात एकापेक्षा अधिक वेळा आल्या आहेत. शिवाय हवेने उडवलेले तूस नाहीसे होत नाही, ते छातीत जाते. सुताच्या धुळीने होणारा दम्यासारखा आजार यंत्रमागाच्या गावांना नवा नाही. ज्याला केवळ सफाईसाठी कॉम्प्रेसर घ्यायचा आहे, त्याने आधी ब्रश आणि धूळ ओढून घेणारे यंत्र यांचा विचार करावा. कदाचित कॉम्प्रेसरची गरजच नसेल.

वीज आणि शेजार

२ हॉर्सपॉवरपर्यंतचे यंत्र घरच्या सिंगल फेजवर चालते, पण ते १० अँपिअरच्या आसपास वीज ओढते आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट. म्हणून त्याला २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरची स्वतंत्र लाइन आणि पक्के अर्थिंग हवे. यंत्र दूर ठेवायचे असेल तर वायर लांबवू नये, हवेची नळी लांबवावी. लांब आणि बारीक वायरने व्होल्टेज पडते आणि मोटर जळते.

घरगुती मीटरवर धंदा चालवण्याचा मोह टाळावा. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे मंजूर कारणाऐवजी दुसऱ्या कारणासाठी वीज वापरली तर लागू दराच्या दुप्पट आकारणी होते, आणि केव्हापासून ते ठरत नसेल तर मागचे १२ महिने धरले जातात. त्या एका बिलात यंत्राची किंमत निघून जाईल. जोडणी आधी योग्य प्रकारची करून घ्यावी, मग यंत्र आणावे.

आवाजाचेही भान हवे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. पिस्टन कॉम्प्रेसर जवळून ऐकला तर ८० च्या पुढे जातो. खाली रबराचे तुकडे, हवा खेळती राहील अशी आडभिंत आणि रात्री दहानंतर यंत्र बंद, एवढे तरी करावे. शेजाऱ्याचा हक्क काय असतो हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

पैसे कोठे घालावेत

पुण्याची किर्लोस्कर न्यूमॅटिक १९५८ पासून आणि कोइम्बतूरची एल्जी १९६० पासून या क्षेत्रात आहे. त्यांच्याशिवाय अहमदाबाद, राजकोट, कोइम्बतूर येथील लहानमोठे कारखानदारही यंत्रे बनवतात. नाव कोणतेही असो, आमची कसोटी एकच. रिंगा, व्हॉल्व्ह प्लेट आणि गॅस्केट आपल्या गावात मिळतात का, आणि ते बसवणारा मिस्त्री आहे का? नसेल तर स्वस्त यंत्रही महाग पडते, कारण सुटा भाग येईपर्यंत चार माणसांचा रोज बुडतो. जीएसटीचे पक्के बिल घ्यावे. त्याशिवाय वॉरंटीचा हक्क सांगता येत नाही, आणि ज्यांची नोंदणी आहे त्यांना भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही.

गळतीकडेही लक्ष द्यावे. ६-७ किलो दाबावर १ मिलिमीटरच्या भोकातून मिनिटाला सुमारे ७० लिटर हवा जाते. १ हॉर्सपॉवरच्या यंत्राची बहुतेक कमाई एका सुईएवढ्या भोकातून निघून जाते. आठवड्यातून एकदा सर्व जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. यासाठी कोणी मिस्त्री लागत नाही.

कारागिराकडे दहा रुपये असतील तर आमच्या मते त्यांतले पहिले टाकी आणि सेफ्टी व्हॉल्व्हवर, मग पंपावर, मग फिल्टर आणि वायरिंगवर जावेत. हॉर्सपॉवरचा मोठा आकडा आणि वरचा रंग यांसाठी काही उरले तर ठीक, न उरले तर बिघडत नाही. जो बाजारात बोटाने सुताचा नंबर ओळखतो, त्याला हवेचे माप घेणे अवघड नाही. दुकानात जाताना हत्यारांची यादी खिशात आणि घड्याळ मनगटावर असू द्यावे.